गावी जाऊन कळवतो

त्याने बज्जी सोलली तेव्हा मी मदुरैच्या सुंगुडी साड्या गाठी बांधून कशा रंगवतात त्याबद्दल बोलत होते, आणि बोलतच राहिले. इतकी वर्षं गाइडचं काम केल्यावर तोंडाला मनाची गरज लागत नाही. दक्षिण मासी रस्त्याच्या कोपऱ्यावर कच्च्या केळ्याच्या बज्ज्यांची गाडी लागते, तिथे आम्ही उभे होतो. अर्ध्या दिवसाची खासगी सहल, एकटाच पाहुणा, अमेरिकेहून आलेला आपलाच तमिळ माणूस. दुपारी हॉटेलातून घ्यायचा, जुने रस्ते हिंडवायचे, मग मीनाक्षीच्या देवळात न्यायचा आणि दिवेलागणीनंतर सोडायचा. हॉटेलवाल्याने नाव नुसतं अरसु असं सांगितलं होतं. या अरसुने कागदावरची एक बज्जी उचलली, फुंकर घातली, वरचं पिठाचं कवच एका कडेने नखाने उचकटून अलगद सोलून काढलं, आतला केळ्याचा गरम काप तोंडात टाकला आणि रिकामं कवच कागदाच्या कडेला ठेवलं. मग दुसरी. दुसरीचं कवच त्याने पहिल्या कवचात बसवून ठेवलं. गाडीवाला त्याच्याकडे बघून म्हणाला की साहेब, पिठाने काय गुन्हा केला म्हणून टाकताय. तो ओशाळून हसला आणि म्हणाला की लहानपणापासूनची खोड आहे, बायकोही याच्यावरून बोलते. मी साडीच्या एका पदरावर किती बारीक गाठी बांधतात ते सांगत होते. माझ्या हातातल्या कागदातलं तेल बोटांवर आलं होतं आणि ते पुसायचं मला सुचत नव्हतं.

चेहऱ्यावरून मी त्याला ओळखणं शक्यच नव्हतं, कारण तो मला बघायला आला होता तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. मुलीने मान वर करायची नाही असं अम्माने बजावलं होतं आणि मी ते फारच मनावर घेतलं. मला दिसले ते हात. गुडघ्यावर ठेवलेले, मनगटावर जाड पट्ट्याचं घड्याळ, आणि मग ताटलीपाशी येऊन बज्जी सोलणारी दोन बोटं. आमच्या शिम्मक्कलच्या घरात, पुढच्या खोलीत, जमखान्यावर. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. मंडळी उठून गेल्यावर कयल, माझी धाकटी बहीण, ताटली घेऊन स्वयंपाकघरात आली आणि एकात एक बसवलेली कवचं दाखवून म्हणाली, “अक्का, याच्याशी लग्न केलंस तर रोज याचं उष्टं पीठ खावं लागेल.” अम्माने तिच्या पाठीत धपाटा घातला. पण आम्ही तिघीही हसत होतो, कारण त्याची आई दारातून निघताना अम्माचा हात धरून म्हणाली होती, “मुलगी गुणाची आहे. गावी जाऊन कळवतो.”

आता हे वाक्य आमच्याकडे कोण म्हणत नाही? मुलगी बघायला जायचं, सोज्जी-बज्जी खायची, म्हणजे गोडाला रव्याची सोज्जी आणि तिखटाला बज्जी, मुलीला एक गाणं म्हणायला लावायचं, आणि उठताना म्हणायचं, गावी जाऊन कळवतो. कळवलं तर होकार. न कळवलं तर तेही कळवल्यासारखंच. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. माझ्या अप्पांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांनी ‘मुलगी गुणाची आहे’ हे ऐकलं होतं आणि हात धरलेला पाहिला होता. ते साधे शाळामास्तर. माणूस बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं, असं समजून ते जगले. दुसऱ्या स्थळांकडून विचारणा आली की ते सांगायचे, एका ठिकाणी बोलणं झालंय, त्यांचं येऊ दे. हे किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही, मोजावंसं वाटलं नाही. पुढे विचारणारेच कमी झाले. कयलचं आधी झालं. मग अप्पा गेले. मी पर्यटन खात्याची परीक्षा दिली, बिल्ला मिळाला, आणि लोकांना मदुरै दाखवायला लागले. या कामात मी रमले आहे, हे मी कोणाची समजूत घालायला सांगत नाही. पण कळवलं का नाही, हा एक खडा पायात राहिलाच. लंगडण्याइतका मोठा नव्हता, पण चप्पल झटकून पडेल इतका लहानही नव्हता.

घरात प्रत्येकाने आपापलं कारण शोधून ठेवलं होतं. अम्माच्या मते सोज्जीत तूप कमी पडलं आणि गुठळ्या राहिल्या. तिने त्यानंतर सोज्जी केली नाही. कुणाच्या लग्नात केळीच्या पानावर वाढली तरी ती बोटाने पानाच्या टोकाला सरकवते. अप्पांच्या मते मी गात असताना वीज गेली तो अपशकुन झाला. त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, या एकाच गोष्टीपुरता होता. आत्या म्हणायची, मुलगी काळी, अमेरिकेत बर्फात उठून दिसेल, पण त्यांना तसलं उठून दिसणं नको असेल. आणि माझं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ते माझ्या पोलक्यामुळे. पोलकं घाईत शिवून घेतलं होतं देवळासमोरच्या पुदुमंडपातल्या शिंप्याकडून, एक खांदा ओढला जात होता, आणि गाताना मी सारखी तो खांदा सावरत होते. अंगात काहीतरी खोट आहे असं दिसलं असेल. वडिवु माझं नाव. वडिवु म्हणजे रूप, घडण. नाव ठेवणाऱ्यांनी जरा थांबायला हवं होतं.

हात पुसून आम्ही पुढे निघालो. मी त्याला सांगत होते की या रस्त्यांना तमिळ महिन्यांची नावं आहेत, देवळाला वेढा घालून एकाबाहेर एक असे ते रस्ते, आडी, चित्तिरै, आवणी, मासी, ज्या महिन्याचा उत्सव त्या रस्त्याने फिरायचा त्या महिन्याचं नाव त्याला. पण देवाचा रथ निघतो चित्तिरै महिन्यात आणि फिरतो मासी रस्त्यांवरून. कुठल्याशा राजाने उत्सव हलवला, रस्त्यांची नावं हलवायची राहिली. हे ऐकून पाहुणे नेहमी हसतात, तोही हसला. म्हणाला, “म्हणजे रस्ते अजून जुन्या तारखेची वाट बघतायत.” हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. दुसरा कोणी असता तर मी ते उद्यापासून माझ्या बोलण्यात घातलं असतं. माणूस चांगला होता हीच अडचण होती. उन्हातून चालताना तो मला सावलीची बाजू देत होता. फुलवाल्या म्हातारीशी त्याने घासाघीस केली नाही, मोगऱ्याचा गजरा घेतला, आणि एकटा पुरुष गजरा घेऊन काय करणार हे लक्षात आल्यावर तो देवीला वाहायचा म्हणून हातात धरून चालत राहिला. इतकी वर्षं मी मनात ज्याच्याशी भांडत आले तो ताठ मानेचा, जाड घड्याळाचा होता. याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, केस विरळ झाले होते, आणि बोलताना तो समोरच्याचं बोलणं संपू देत होता.

पुदुमंडपात आता शिंपी नाहीत. खांबाखांबांमध्ये शिलाई मशिनं घालून बसलेले ते लोक हलवले, तेव्हापासून तिथला दगड मोकळा दिसतो आणि मला तो ओकाबोका वाटतो. तिथे एका खांबावर तीन स्तनांची मीनाक्षी आहे. मी तिची गोष्ट सांगितली, रोज सांगते तशीच. राजाला मुलगी झाली ती तीन स्तनांची. आईबाप घाबरले. आकाशवाणी झाली की हिला मुलासारखी वाढवा, जो हिचा नवरा व्हायचा तो दृष्टीस पडला की तिसरा स्तन आपोआप जाईल. मुलगी राणी झाली, दिशा जिंकत कैलासापर्यंत गेली, समोर शंकर उभा राहिला, तिने त्याच्याकडे पाहिलं आणि स्तन गेला. मी नेहमी इथे म्हणते, बघा, आमच्या गावात मुलीने मुलाला पाहिलं. आज ते वाक्य मी गाळलं. ज्या शिंप्याने माझ्या पोलक्याचा खांदा बिघडवला तो नेमका याच खांबाखाली बसायचा. मापं घेताना मी त्याच्या डोक्यावरून तिच्याकडे बघत होते. तेव्हा मला वाटलं होतं, हिचं बरं आहे, हिच्या खोटेचीही आकाशवाणी झाली, कधी जाणार ते सांगितलं. माझ्या खोटेचं नावही कोणी सांगितलं नाही. अरसु वाट बघत होता. “आणि मग?” त्याने विचारलं. मी म्हणाले, मग लग्न झालं.

देवळाच्या दारात चपला ठेवल्या, मोबाइल जमा केले. फोन गेला की परदेशातून आलेले पाहुणे काही वेळ रिकामा खिसा चाचपत राहतात. आमच्याकडे आधी देवीचं दर्शन, मग देवाचं. घर तिचं आहे, तो घरजावई. त्यामुळे लग्न झालेल्या पुरुषांना मी विचारते, घरी काय, मदुरै की चिदंबरम? म्हणजे राज्य बायकोचं की नवऱ्याचं. चिदंबरमला नाचणाऱ्या देवाचा हुकूम चालतो, मदुरैत देवीचा. हा प्रश्न मी आज विचारणार नव्हते. तोंडाने विचारून टाकला.

“मदुरै,” तो म्हणाला. “पूर्ण मदुरै. ती त्रिचीची आहे, पण कारभार मदुरैचा.” आणि मनापासून हसला. बायकोबद्दल बोलताना त्याचा आवाज सैल झाला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून ती आली नाही, नाहीतर तिनेच आपल्याला इथे ओढून आणलं असतं, असं त्याने सांगितलं. मला बरं वाटलं. खरंच वाटलं, आणि बरं वाटल्याचं मलाच नवल वाटलं. मी इतकी वर्षं धरून चालले होते की मला नाकारणारा एक तर फार सुखात असेल नाहीतर फार दुःखात. हा बेताच्या सुखात होता. त्याच्यावर रागवायला कुठे धरावं तेच सापडत नव्हतं.

गजरा देवीला गेला. कुंकू मिळालं. आम्ही देवळातल्या पोट्रामरै तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो, सगळेच बसतात तिथे. संध्याकाळचं ऊन गोपुरांच्या वरच्या मजल्यांवर उरलं होतं आणि पाण्यात मधोमध सोनेरी कमळ. माझ्या उजव्या खांद्याला उगीच ओढ बसल्यासारखी वाटत होती. मी खांदा सावरला. मग विचारलं, सर, तुम्ही मदुरैला पहिल्यांदाच आलात का. माझा आवाज नेहमीचाच होता. या कामाने मला तेवढं दिलं आहे.

तो म्हणाला की एकदा आला होता, पण देऊळ पाहिलं नव्हतं. लग्नासाठी महिन्याभराची रजा काढून आला होता, नागरकोविलहून मामाच्या गाडीने निघाले, आणि वाटेत जिथे जिथे स्थळ तिथे तिथे उतरत गेले. त्याला आता सगळी घरं एकात एक मिसळून गेल्यासारखी वाटतात, तोच जमखाना, तीच सोज्जी. “मदुरैतलं एक घर मात्र लक्षात आहे,” तो म्हणाला. “मुलगी गात होती आणि वीज गेली. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. मला वाटलं आता थांबेल. थांबली नाही. अख्खं गाणं अंधारात म्हणाली. कोणी मेणबत्तीसुद्धा शोधायला उठलं नाही. गाणं संपलं आणि दिवे आले, तेव्हा माझा हात बज्जीवर तसाच. चेहरा विचाराल तर आठवत नाही, दिसलाच नव्हता नीट. पण मी आमच्या हिला ते किती वेळा सांगितलंय.”

मला तो अंधार आठवला. मला वाटलं होतं मी थांबले तर सगळं संपेल. अंधारात खांदा सावरावा लागत नव्हता, म्हणून आवाज मोकळा सुटला होता. आयुष्यात तेवढं एकदाच मी चांगली गायले. घरच्यांनी त्या अंधाराला अपशकुन म्हटलं, मीही त्यांच्या हो ला हो मिळवत आले. आणि तिकडे समुद्रापलीकडे एका घरात कोणीतरी तो अंधार जपून ठेवला होता, बायकोला सांगत होता. तळ्यात एक मूल पाय बुडवायला गेलं आणि पहारेकऱ्याने शिट्टी मारली. मी विचारलं, मग काय झालं. विचारताना मी पाण्याकडे बघत होते.

“कशाचं?”

“त्या मुलीचं. तुम्ही काय कळवलंत?”

तो विचारात पडला. मी वाट बघितली. तूप म्हणेल, रंग म्हणेल, पत्रिका म्हणेल, खांदा म्हणेल. काहीही म्हणाला असता तरी मी ते घरी नेलं असतं आणि खडा काढून टाकला असता. “खरं सांगू का,” तो म्हणाला, “काहीच नाही कळवलं बहुतेक. दुसऱ्या दिवशी त्रिचीला गेलो, तिथे जमून गेलं. धावपळच झाली. साखरपुडा, व्हिसा. मदुरैला कळवायचं राहून गेलं.”

राहून गेलं. रस्त्यांची नावं बदलायची राहून गेली तसंच. म्हणजे तूप बरोबर होतं. माझ्या अप्पांनी वर्षानुवर्षं ज्या विजेला दोष दिला तिचा काही दोष नव्हता. मला राग आला, असा राग की कानशिलं तापली. ज्याला कारण असतं त्याच्यावर रागावता येतं, आणि इथे नुसता पुढचा गाव होता, गाडीत पेट्रोल होतं आणि रस्ता त्रिचीला जात होता. आम्ही तिघंचौघं एका न घडलेल्या गोष्टीभोवती बसून राहिलो होतो आणि ती कोणी घडवलीच नव्हती. पण राग चढता चढता मध्येच कुठेतरी उतरला, आणि मला एकदम हलकं वाटलं, पायऱ्यांवरून उठले तर तोल जाईल इतकं. माझ्यात खोट नव्हती. हे मला बावन्नाव्या वर्षी, एका पाहुण्याकडून, तळ्याकाठी कळलं. अप्पा असते तर, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. मी पदराने कुंकू ठीक केल्यासारखं केलं.

“त्या वेळी तसंच असायचं,” तो म्हणाला. “न कळवणं म्हणजेच नाही म्हणणं. लोक समजून घ्यायचे.”

“काही घरं वाट बघायची, सर,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि त्याला सुंदरेश्वराकडे, म्हणजे देवीच्या नवऱ्याकडे घेऊन गेले. वाटेत खांबावर मीनाक्षीचं कन्यादान कोरलेलं आहे, विष्णू बहिणीचा हात शंकराच्या हातात देतोय. मी ते दाखवलं, त्याबद्दल सांगायचं ते सांगितलं. एकदोनदा त्याने मान तिरकी करून ऐकलं, मी काय सांगते ते नव्हे, नुसतं ऐकलं. मला ते कळलं आणि मी जरा भराभर बोलले.

बाहेर आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. त्याने चपला घातल्या, फोन घेतला, मी हात करून रिक्षा थांबवली. निरोपाचं ठरलेलं बोलणं झालं. सहल कशी झाली ते दोन ओळींत लिहिलंत तर हॉटेलवाल्यांना बरं पडतं, असं मी म्हणाले. हेही मी रोजच म्हणते.

“नक्की,” तो म्हणाला. “उद्या निघतोच आहे. गावी जाऊन कळवतो.”

रिक्षावाल्याने इंजिन चालू ठेवलं होतं. मी रिक्षाच्या दांड्याला धरलं.

“नको सर,” मी म्हणाले. “आत्ताच सांगा. पसंत पडलं का?”

“हो तर,” तो म्हणाला, आणि हसत हसत पुढे म्हणाला, “पसंत आहे. फार पसंत…” आणि थांबला. पसंत आहे, हे वाक्य आमच्याकडे जमखान्यावर बसूनच म्हणतात. ते तोंडातून गेल्यावर त्याने ते ऐकलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं पण डोळ्यांतून गेलं. “मॅडम,” तो हळू म्हणाला, “तुमचं घर कुठल्या भागात?”

मला सांगता आलं असतं. शिम्मक्कल हा एक शब्द. तो खाली उतरला असता, माफी मागितली असती, माणूस तसाच होता. मग ते सगळं ओझं त्याने नागरकोविलला नेलं असतं, तिथून विमानात, गुडघा दुखणाऱ्या त्या बाईपर्यंत, आणि तिला सांगण्यासारखा अंधार त्याच्याकडे उरला नसता. मला हवं होतं ते मिळालं होतं. “रिक्षावाला खोळंबलाय, सर,” मी म्हणाले. “बाईसाहेबांना सांगा, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या.” मी दांडा सोडला. रिक्षा वळेपर्यंत तो मागच्या फटीतून बघत होता.

घरी अम्मा पुढच्या खोलीत बसली होती. जमखाना कधीच फाटून गेला, आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. तिला कमी ऐकू येतं, कालचं विसरते, जुनं विसरत नाही. पाहुणे बरे होते का, हे ती रोज विचारते, तिने विचारलं. मी तिच्या पायाशी खाली बसले, बिल्ला काढून ठेवला आणि तिच्या कानाशी म्हणाले, “अम्मा, त्या लोकांनी कळवलं.”

“कोणी?”

“नागरकोविलचे. बज्जी सोलणारा.”

अम्माचा हात माझ्या डोक्यावर आला होता तो तिथेच राहिला. कोणी सांगितलं, कसं कळवलं, इतक्या वर्षांनी कसं, यातलं तिने एकही विचारलं नाही. “काय म्हणतात?” तिने विचारलं.

“पसंत आहे म्हणतात.”

“सोज्जीचं काही म्हणाले?”

“काही नाही, अम्मा. सोज्जी चांगली होती.”

तिने मान हलवली. मग तिने माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड वर केलं, तिला नीट दिसावं म्हणून दिव्याकडे. “आणि तुला?” ती म्हणाली.

“मला काय?”

“तुला पसंत आहे का तो?”

ते बघायला आले त्या दिवशी हे मला कोणीही विचारलं नव्हतं. मीही स्वतःला नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी विचार केला, घाई केली नाही. त्याने दिलेली सावलीची बाजू आठवली, मोगऱ्याचा गजरा आठवला, एकात एक बसवलेली कवचं आठवली.

“माणूस वाईट नाही,” मी म्हणाले. “पण नको, अम्मा.”

“नको तर नको,” अम्मा म्हणाली. तिने माझी हनुवटी सोडली आणि खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागली. “बघ जरा, घरात रवा आहे का.”